तुरुंगातील रुग्ण आणि बाहेरचा डॉक्टर

आपल्याकडे तुरुंगातील आरोग्याचा प्रश्न वर्तमानपत्रांत येतो तो बहुधा मृत्यूच्या बातमीबरोबर. मरण पावलेला बंदी नामवंत असेल तर आठवडाभर चर्चा होते, चौकशीची मागणी होते, विधिमंडळात एखादा प्रश्नही विचारला जातो. तो नामवंत नसेल तर आतल्या पानावर चार ओळी छापून येतात आणि विषय तेथेच संपतो. हा प्रश्न मृत्यूच्या निमित्ताशिवाय, शांतपणे विचारात घ्यावा अशी वेळ सध्या आली आहे. १८९४ चा ब्रिटिशकालीन कारागृह कायदा बाजूला सारण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये आदर्श कारागृह व सुधारात्मक सेवा अधिनियम राज्यांपुढे ठेवला, आणि राज्ये आपापले कायदे व नियम नव्याने लिहू लागली आहेत. आज जे नियमांत उतरेल त्यावर पुढील कित्येक वर्षे कारभार चालणार आहे.

तुरुंगातील दवाखान्यांत डॉक्टर अपुरे पडतात, तेव्हा बाहेरच्या डॉक्टरांनी, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि सेवाभावी संस्थांनी तेथे जाऊन विनामूल्य सेवा द्यावी, अशी सूचना वारंवार केली जाते. सूचना सद्हेतूची आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्वागत करताना एक प्रश्न विचारणे भाग आहे. हा बाहेरचा डॉक्टर तेथे कोणाच्या अधिकाराने जाणार? अधीक्षकाच्या मेहेरबानीवर जाणार असेल, तर त्याच्या हातून काही पुण्यकर्म घडेल. तुरुंगाच्या व्यवस्थेत मात्र त्याने तसूभरही फरक पडणार नाही. तो कायद्याने दिलेल्या हक्काने जाणार असेल, तरच त्याच्या सेवेला अर्थ आहे. प्रस्तुत लेखाचे सारे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे.

भूकंपाने शिकवलेला धडा

स्वयंसेवी वैद्यकीय मदत म्हणजे काय, तिची ताकद किती आणि मर्यादा कोणती, हे आम्हा मराठवाड्यातील लोकांना कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी आणि सास्तूर परिसरातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. शासकीय आकड्यांप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर हे त्या जिल्ह्यातील सर्वाधिक झळ बसलेल्या गावांपैकी एक. त्यानंतरच्या दिवसांत मदतीचा जो ओघ सुरू झाला, तो या भागाने पूर्वी कधी पाहिला नव्हता. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून डॉक्टर आले, परिचारिका आल्या, वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी आले, लष्कराची वैद्यकीय पथके आली. त्यांनी जे केले त्याचे ऋण हा भाग विसरलेला नाही.

परंतु ओघ हा ओघच असतो. तो येतो तसा ओसरतो. तंबू उठले, पथके परतली आणि मोडलेली हाडे जुळवत, भीतीने रात्री दचकून उठत जगणारी माणसे मागे राहिली. त्यांना खरा आधार मिळाला तो जे काही कायमचे उभे राहिले त्याचा. सास्तूरला आज ‘स्पर्श’ हे ग्रामीण रुग्णालय आहे. शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीतून ते चालते. तेथे येणारी बाळंतीण कोणाच्या दयेने येत नाही. ते शासकीय व्यवस्थेचे रुग्णालय आहे आणि तेथे उपचार मिळणे हा तिचा हक्क आहे. सेवाभाव हा पाहुण्यासारखा येऊन जाऊन राहिला नाही, तो व्यवस्थेत मुरला, हा सास्तूरचा धडा आहे. तुरुंगातील दवाखान्यांचा विचार करताना तोच धडा समोर ठेवावा लागेल. फरक एवढाच की, भूकंपग्रस्ताचे दुःख साऱ्या देशाने पाहिले. बंद्याचे दुःख भिंतीआड असते, म्हणून त्याच्यासाठी मदतीचा ओघ सुरूच होत नाही.

‘यांचे कशाला चोचले?’

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या जिल्ह्यात प्रामाणिक शेतकऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळेवर डॉक्टर भेटेल याची शाश्वती नाही, त्या जिल्ह्यात चोरादरोडेखोरांच्या प्रकृतीची एवढी काळजी कशासाठी? आक्षेप घेणारा माणूस निर्दय असतो असे नव्हे. त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेतून तो बोलत असतो. तरीही त्याने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी की, तुरुंगात असलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. त्या तुरुंगांची क्षमता होती ४ लाख ३६ हजार २६६. या माणसांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे दर चारांमागे तीन, हे कच्चे कैदी होते. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झालेले नव्हते. त्यांतील कित्येक पुढे निर्दोष सुटतात. ज्याला जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, असा ऊसतोड मजूर किंवा गवंड्याच्या हाताखालचा बिगारी या संख्येत असतो. शिवाय आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचे मूल तुरुंगात राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अशा मुलांच्या आहार व आरोग्याविषयी निर्देश दिले आहेत. त्या मुलाने कोणता गुन्हा केला, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यालाही देता येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. शेतकऱ्याला गावात डॉक्टर भेटला नाही तर तो उसनवारी करून, पडेल ते वाहन पकडून उमरग्याला किंवा सोलापूरला जातो. हा अन्यायच आहे; पण त्याचे पाय मोकळे आहेत. बंद्याचे पाय राज्यसंस्थेने बांधले आहेत. त्याला दुसरा डॉक्टर निवडता येत नाही, औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाता येत नाही, आपल्या हाताने काढा करून पिता येत नाही. ज्याच्या हातून स्वतःची काळजी घेण्याचे प्रत्येक साधन आपण काढून घेतले, त्याची काळजी घेण्याची जबाबदारी आपोआप आपल्यावर येते. न्यायाधीश शिक्षा सुनावतो ती स्वातंत्र्य हिरावण्याची. क्षयरोगाची किंवा उपचाराविना सडत जाणाऱ्या जखमेची शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. सुनील बत्रा प्रकरणातील १९७८ व १९८० च्या निकालांपासून सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुनःपुन्हा मांडले आहे. १९९६ च्या राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात तर तुरुंगांच्या ज्या नऊ मुख्य दुखण्यांची यादी न्यायालयाने केली, तीत आरोग्य व स्वच्छतेची हेळसांड हे एक होते.

‘नैसर्गिक’ या शब्दाआड

२०२२ या एका वर्षात देशातील तुरुंगांत १ हजार ९९५ बंदी मरण पावले. त्यांपैकी १ हजार ७७३ मृत्यूंची नोंद ‘नैसर्गिक’ अशी आहे. हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात वार्धक्याने आलेला मृत्यू बसतो, तसा वेळेवर निदान न झालेल्या क्षयाचा आणि छातीत कळ आल्यावर पहाटेपर्यंत गजांआड तळमळणाऱ्याचा मृत्यूही बसतो. यांतले किती मृत्यू टळण्याजोगे होते, हे नोंदवहीतला तो एक शब्द सांगत नाही.

तुरुंगाच्या आत आजारी पडणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. बराकीत दुखणे उठले की आधी पहारेकऱ्याची खात्री पटावी लागते की हे सोंग नाही. मग तुरुंगाच्या दवाखान्यात नंबर लागतो. तेथून जिल्हा रुग्णालयात पाठवावे असे ठरले, तर बंद्याला नेण्याआणण्यासाठी पोलिसांची गारद लागते. पोलीस तर निवडणुकीच्या, सणासुदीच्या नाही तर मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात गुंतलेले. तारीख चुकते, पुढची मिळते, तीही चुकते. रुग्ण, डॉक्टर आणि खाट हे तिन्ही असूनही केवळ गारद नाही म्हणून उपचार थांबतो, असा हा प्रकार आहे. त्याच वेळी वजनदार आरोपीला अटक होताच छातीत दुखू लागते आणि तो बराकीऐवजी थेट रुग्णालयाच्या खोलीत पोचतो, हेही आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तुरुंगातील वैद्यकीय प्रमाणपत्र गरिबाला दुर्मिळ आणि धनवंताला सुलभ झाले, तर वैद्यकावरचाच लोकांचा विश्वास उडतो.

फादर स्टॅन स्वामी यांचे उदाहरण अजून विस्मृतीत गेलेले नाही. कंपवाताने हात थरथरणाऱ्या या वृद्धाला तळोजा कारागृहात पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून २०२० च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते कच्चे कैदीच होते. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो, एका पेल्याचा निर्णय वैद्यकाच्या टेबलावर न होता न्यायालयाच्या दालनात व्हावा, हे कोणत्याही सुजाण प्रशासनाला शोभणारे नाही. त्यांना निदान वकील होता. ज्याला वकील नाही, त्याच्या पेल्याचे काय?

इतिहासातील तीन प्रसंग

तुरुंग आणि वैद्यक यांच्या नात्याचा महाराष्ट्राला मोठा इतिहास आहे. त्यातले तीन प्रसंग आजच्या प्रश्नावर थेट प्रकाश टाकतात.

पहिला प्रसंग १८९७ मधला. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी महिन्यात प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तिची पहिली मोठी परीक्षा तेथील बंद्यांवर झाली. जे बंदी आपण होऊन पुढे आले त्यांना लस टोचण्यात आली, आणि लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण कमी राहिले असे दिसले. त्या लसीने पुढे असंख्यांचे प्राण वाचवले. तुरुंगात वास्तव्य करणाऱ्या माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी असते, हा प्रश्न आजचे वैद्यकशास्त्र विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु तुरुंगातील स्वयंसेवेची गोष्ट सांगताना एवढे लक्षात ठेवावे की, भायखळ्यात वैद्यकाच्या मदतीला स्वयंसेवक म्हणून उभे राहिले ते बंदीच होते. समाजावर त्यांचे जुने देणे आहे.

दुसरा प्रसंग पुण्याचा. येरवड्यात सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या महात्मा गांधींना आंत्रपुच्छाचा विकार झाला. त्यांना ससून रुग्णालयात हलवून १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. सरकार परके, बंदी त्या सरकारचा कट्टर विरोधक. पण शस्त्रवैद्यासमोर तो केवळ एक रुग्ण होता. त्या रात्री निर्णय वैद्यकीय निकडीवर झाला आणि तातडीने झाला. अर्थात रुग्ण गांधीजी होते, साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते, हेही खरे. नामवंताला मिळालेली ती तत्परता अनामिकाला मिळवून देणे हेच तर लोकशाहीचे काम आहे.

तिसरा प्रसंगही पुण्याचाच, आगाखान राजवाड्यातला. तेथे स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबांची शुश्रूषा डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर करीत होते. हे दोघेही स्वतः बंदीच होते. मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ आणि एके काळचे मुंबई प्रांताचे आरोग्यमंत्री असलेले डॉ. गिल्डर बंदिवासातही डॉक्टरच राहिले. शेवटच्या दिवसांत कस्तुरबांनी वैद्याचे उपचार हवे म्हटले, तेव्हा पंडित शिव शर्मा आले. पण रात्री आत राहण्याची परवानगी सरकार देईना, म्हणून फाटकाबाहेर आपल्या मोटारीतच ते झोपत. रात्री रुग्णाला गरज लागली तर वैद्य फाटकाशी तरी असावा, एवढाच हेतू. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. फाटकाबाहेर मोटारीत झोपलेला तो वैद्य आजच्या प्रत्येक सेवाभावी डॉक्टरचे चित्र आहे. त्याच्यापाशी विद्या आहे, इच्छा आहे. नाही तो आत जाण्याचा हक्क.

परवान्यावर चालणारी सेवा

आता असे समजा की, एखाद्या जिल्हा कारागृहात बाहेरचे काही डॉक्टर दर रविवारी विनामूल्य तपासणीसाठी जाऊ लागले. खरूज, दातदुखी, रक्तदाब, मधुमेह, मनाची उदासी यांवर त्यांच्या हातून बरेच काम होईल. बराकीतील माणसाला आठवड्यातून एकदा कोणी नाव घेऊन ‘कसे आहात?’ असे विचारील, हेही थोडे नाही. परंतु एके दिवशी तपासणीसाठी सदरा काढलेल्या बंद्याच्या पाठीवर वळ दिसतात. बंदी म्हणतो, पाय घसरून पडलो. दाराशी शिपाई उभा आहे. डॉक्टरने काय करावे?

वळांची नोंद केली तर पुढच्या रविवारी फाटकावर ‘साहेबांचा निरोप नाही’ असे उत्तर मिळण्याची शक्यता आहे, आणि त्याबरोबर बाकीच्या दोनशे रुग्णांचीही सेवा थांबेल. नोंद न करावी तर आपल्या मौनाने आपण त्या वळांचे भागीदार होतो. हा पेच कल्पनेतला नाही. परवान्यावर चालणाऱ्या प्रत्येक सेवेच्या पोटात तो दडलेला असतो. सज्जन अधीक्षक भेटला तर पेच कधी उद्भवणार नाही. पण व्यवस्था सज्जनांच्या भरवशावर चालवायची नसते. १८९४ च्या कायद्याने वैद्यकीय अधिकाऱ्याकडे तुरुंगाच्या आरोग्याचा कारभार सोपवला तोच मुळी ‘अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली’ अशा शब्दांत. पगारी डॉक्टरची ही स्थिती, तर बिनपगारी पाहुण्याची काय कथा?

स्वयंसेवेचा आणखी एक धोका आहे आणि तो सरकारच्या बाजूचा आहे. रविवारी बाहेरचे डॉक्टर येतात म्हटल्यावर रिक्त पद भरण्याची निकड वाटेनाशी होते. सेवाभाव हा अंदाजपत्रकातील तुटीचा पर्याय बनतो. शिबिराचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, आकडे अहवालात जातात आणि सोमवारी ताप आलेल्या बंद्याला पुढच्या रविवारची वाट पाहावी लागते. सेवा करणाऱ्यांनी आपल्या सेवेमागे कोणाची जबाबदारी लपते आहे, याकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

नियमित, जबाबदार आणि प्रशिक्षित स्वरूपात असे काम करता येते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातील व पोलीस कोठडीतील माणसांसाठी काम करीत आला आहे. तेथे हौशी पाहुण्यांपेक्षा प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांवर भर आहे, आणि बंदी सुटून बाहेर आल्यावरही त्याचा हात सोडला जात नाही. हे काम वैद्यकीय नसले तरी त्याची शिस्त वैद्यकीय सेवेने उचलण्यासारखी आहे.

काय करता येईल?

नव्या नियमांत चार गोष्टी याव्यात असे सुचवावेसे वाटते. त्यांतल्या कोणत्याही गोष्टीला अवाढव्य खर्च लागणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुरुंगातील वैद्यकीय निर्णय पूर्णतः आरोग्य यंत्रणेच्या अखत्यारीत असावेत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेले ‘मंडेला नियम’ हेच सांगतात: बंद्यांना बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळावी, आणि वैद्यकीय निर्णय केवळ वैद्यकीय व्यक्तींनी घ्यावेत, तुरुंगाच्या अन्य अधिकाऱ्यांनी ते फिरवू नयेत. ज्या माणसाच्या नावाने हे नियम ओळखले जातात, त्याने सत्तावीस वर्षे तुरुंगात काढली होती आणि तेथेच त्याला क्षयाने गाठले होते. नॉर्वेने १९८८ मध्ये, फ्रान्सने १९९४ मध्ये आणि इंग्लंडने २००६ पर्यंत तुरुंगातील आरोग्यसेवा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे सोपवली. ते देश श्रीमंत आहेत हे खरे. पण ही अदलाबदल मुख्यतः अधिकाराची आहे.

दुसरी गोष्ट बाहेरच्या डॉक्टरच्या दर्जाची. आपल्या कारागृह नियमांत अशासकीय अभ्यागतांची तरतूद फार जुनी आहे. ती बहुधा कागदावर राहते किंवा सोयीच्या माणसांना वाटली जाते. प्रत्येक कारागृहाच्या अभ्यागत मंडळावर एक तरी स्वतंत्र डॉक्टर असावा. त्याला पूर्वसूचनेविना आत जाण्याचा, बंद्याशी पहारेकऱ्याच्या कानाआड बोलण्याचा आणि आपला शेरा लिहिण्याचा हक्क असावा. त्या शेऱ्याची प्रत थेट जिल्हा न्यायाधीशांकडे जावी. असे झाले तर पाठीवरचे वळ पाहून डॉक्टरला पेच पडणार नाही. लिहिणे हे त्याचे कर्तव्यच असेल.

तिसरी गोष्ट वैद्यकीय शिक्षणाची. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला आहे. आणि अंबाजोगाईचे महाविद्यालय तर स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे आहे, ज्यांनी निजामाचे तुरुंग स्वतः भोगले. या महाविद्यालयांतील आंतरवासी विद्यार्थ्यांच्या ग्रामीण सेवेच्या काळात काही दिवस, अध्यापकांच्या देखरेखीखाली, जवळच्या कारागृहातील दवाखान्यासाठी राखून ठेवता येतील. विद्यार्थी बदलत राहतील, पण महाविद्यालय जागेवर राहील. म्हणजे सेवा व्यक्तीच्या लहरीवर राहणार नाही. आणि ज्याने उमेदीच्या वर्षांत कच्च्या कैद्याची नाडी पाहिली, तो पुढे कोणत्याही रुग्णाची जात, पैसा आणि पूर्वचरित्र विचारण्यापूर्वी त्याचा आजार विचारील, अशी आशा करता येते.

चौथी गोष्ट बंद्यांनाच आरोग्यसेवक करण्याची. धाराशिव जिल्ह्याच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे करून दाखवले, ते जगाने पाहिले आहे. जेमतेम अक्षरओळख असलेल्या खेड्यातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी गावाच्या आरोग्याची सूत्रे त्यांच्या हाती दिली. तुरुंगात दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणाऱ्यांत शिकलेली, समंजस माणसे असतात. विधी सेवा प्राधिकरणांनी अशा बंद्यांना विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण देऊन तुरुंगातील कायदेविषयक मदत केंद्रांवर बसवले आहेच. अर्ज लिहायला जो शिकतो तो दोन आठवड्यांहून जुना खोकला ओळखायला, थुंकीच्या तपासणीसाठी नाव नोंदवायला, औषध चुकवणाऱ्याला आठवण द्यायला आणि रात्रभर भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या सोबत्याकडे लक्ष वेधायला का शिकणार नाही? मात्र त्याच्या हाती औषधांच्या किल्ल्या किंवा इतरांवरचा अधिकार देऊ नये. नाही तर आरोग्यसेवकाचा मुकादम व्हायला वेळ लागत नाही.

मानसिक आरोग्याचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची व्यवस्था असावी असे सांगितले आहे. तारखेमागून तारीख पडत असलेल्या कच्च्या कैद्याच्या मनावर काय ओझे असते, हे बराकीतील सोबत्यालाच आधी कळते. त्याच्या शब्दाला किंमत देणारी व्यवस्था असेल तरच कायद्यातील तरतूद बराकीपर्यंत पोचेल.

भिंत रोगाला अडवत नाही

न्याय, करुणा हे शब्द ज्यांना पोकळ वाटतात, त्यांच्यासाठी निव्वळ स्वार्थाचे एक कारण पुरेसे आहे. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटल्यासाठी आणलेल्या बंद्यांबरोबर तुरुंगातला ज्वर न्यायासनापर्यंत पोचला आणि लंडनचे महापौर व न्यायाधीश यांच्यासह अनेकांचा त्याने बळी घेतला. पुढे ज्या जॉन हॉवर्डने युरोपभर तुरुंग पाहत हिंडून १७७७ मध्ये तुरुंगांच्या स्थितीवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याच्या तळमळीमागे हा ज्वरही होता. आपल्याकडे मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात शंभराहून अधिक बंद्यांना करोनाची लागण झाली, तेव्हा गर्दी कमी करण्यासाठी हजारो बंद्यांना तात्पुरते सोडण्याचा निर्णय राज्याला घ्यावा लागला. एरवी वर्षानुवर्षे जे अशक्य म्हटले जात होते, ते साथीने काही आठवड्यांत शक्य करून दाखवले.

क्षयरोग तुरुंगांत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट अधिक आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. कोंदट बराक, खेटून पडलेल्या वळकट्या आणि अपुरे अन्न यांहून क्षयाला अधिक काय हवे? तो बंदी आज ना उद्या जामिनावर सुटून उमरगा, लोहारा, औशाच्या एखाद्या गावी परत येतो, घरातल्या मुलांशेजारी झोपतो, बसने प्रवास करतो, मजुरांच्या टोळीत काम करतो. पहारेकरीही रोज ड्यूटी संपवून घरीच जातो. तुरुंगात न झालेली थुंकीची तपासणी अशी आपल्या दारात येऊन उभी राहते.

शिक्षकांनी, कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी या प्रश्नात काय करावे, असे कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यातील कारागृहाची क्षमता किती, तेथे बंदी किती, डॉक्टरचे पद भरलेले आहे की रिक्त, अभ्यागत मंडळाची शेवटची बैठक कधी झाली, हे प्रश्न कोणताही नागरिक माहितीच्या अधिकाराखाली विचारू शकतो. ते वर्षातून दोनदा जरी विचारले गेले, तरी कोणी तरी विचारत आहे हे भिंतीआड पोचते. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तेथे जाण्याची तयारी दाखवावी. पण जाताना परवान्याबरोबर हक्कही मागावा.

सास्तूरच्या ढिगाऱ्याखालून माणसे बाहेर काढताना कोणी त्यांना त्यांचा पूर्वेतिहास विचारला नव्हता. आत माणूस आहे आणि तो जिवंत आहे, एवढे पुरेसे होते. तुरुंगाची भिंत ही कायद्याने उभी केलेली भिंत आहे, ती राहणार. पण तिच्या आतल्या दवाखान्याचे दार वैद्यकशास्त्राला आणि न्यायाला सदैव उघडे असले पाहिजे, आणि ते उघडे ठेवण्याचे काम नव्या कायद्याने एखाद्या सज्जन अधीक्षकाच्या मर्जीवर सोडू नये.